डिझाइन थिंकिंग शिकताय? आधी ‘हातांची यादी’ करा

वापरलेलं सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळायचं, वर लाल टिपका काढायचा आणि ते बाकीच्या कचऱ्यापासून वेगळं द्यायचं, ही सवय लोकांना लागावी म्हणून पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने मोहीम चालवली. टिपका अशासाठी, की कचरा वेगळा करणाऱ्या बाईला आत काय आहे ते पुडी न उघडता कळावं. त्याआधी, २०१३मध्ये, याच स्त्रियांनी वापरलेली पॅड्स पाकिटांत भरून ती बनवणाऱ्या कंपन्यांना परत धाडली होती. पॅड किती शोषून घेईल, किती पातळ असेल, कपड्याला कसं चिकटेल यावर कंपन्यांनी भरपूर डोकं चालवलेलं होतं आणि ते सगळं वापरणारीच्या सोयीचं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पॅड जिच्या हातात येतं, तिचा विचार झाल्याची एकही खूण त्या वस्तूत दिसत नव्हती. पाकिटासोबत विल्हेवाटीसाठी पिशवी द्यावी, ही तरतूद २०१६च्या घनकचरा नियमांत आली, म्हणजे हा उत्पादनाचा भाग आहे हे कंपन्यांना सरकारी नियमाने सांगावं लागलं.

डिझाइन थिंकिंग, म्हणजे माणसांच्या अडचणी बघून वस्तू किंवा सेवा घडवण्याची पद्धत, शिकवणारे बहुतेक वर्ग ‘वापरकर्त्याला समजून घ्या’ इथपर्यंत येऊन थांबतात. धंदा जबाबदारीने करायचा तर ते पुरत नाही. वस्तूला ज्यांचे हात लागतात पण जे तिचे गिऱ्हाईक नसतात, त्यांनाही त्याच कागदावर आणावं लागतं. या लेखात पद्धत नेहमीचीच आहे, फक्त ती या माणसांपासून सुरू केली आहे.

पद्धतीची ओळख थोडक्यात करून घेऊ. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘डी स्कूल’मुळे पाच पायऱ्या सगळीकडे पोचल्या: माणसं समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, कल्पना काढा, कच्चा नमुना करा, तपासून बघा. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलची ‘डबल डायमंड’ आकृतीही हेच सांगते: आधी प्रश्नाकडे पसरून बघा, मग नेमकं व्हा, आधी उत्तरं पसरून शोधा, मग नेमकं व्हा. पायऱ्या पाठ करायला दहा मिनिटं लागतात. खाली त्यांच्या आधी एक आणि शेवटी एक जोडून सात केल्या आहेत. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून, फोटो काढून संपणाऱ्या एक दिवसाच्या कार्यशाळांवर माझा फारसा विश्वास नाही, कारण तिथे पहिली पायरी एसी खोलीत बसून, आठवणीतून उरकली जाते.

आणखी एक गैरसमज आधीच बाजूला ठेवू. जबाबदार व्यवसाय म्हणजे सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) नव्हे. कंपनी कायदा २०१३नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. तो झाला नफा हातात आल्यानंतरचा प्रश्न. नफा कमावताना कोणाला काय निस्तरावं लागलं, हा त्याच्या आधीचा प्रश्न, आणि डिझाइनचा संबंध याच्याशी आहे.

सरावासाठी मुद्दाम साधा धंदा घेऊ. समजा, तुमची एक छोटी खाणावळ आहे. चार-पाच माणसं कामाला, पोळी-भाजी आणि आमटी-भाताची पार्सलं जातात. आमटी पातळ पिशवीत भरून वर गाठ मारून द्यायची पद्धत. कोणीतरी सुचवतं, ‘आता इको-फ्रेंडली पॅकिंग करू या, लोकांना आवडतं.’ इथून सुरुवात.

पहिली पायरी: हातांची यादी

एक मोठा कागद घ्या. आमटी पातेल्यातून निघाल्यापासून पिशवी नाहीशी होईपर्यंत तिला कोणाकोणाचे हात लागतात ते क्रमाने लिहा. गरम आमटी पिशवीत ओतून गाठ मारणारा मुलगा. डिलिव्हरीवाला. गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी. सोसायटीचा कचरा नेणारी ताई. भंगारवाला. पिशवी नाल्यात गेली तर नाला उपसणारा महापालिकेचा कामगार.

प्रत्येक नावापुढे दोन रकाने करा: यातून त्याला काय मिळतं, आणि त्याला काय निस्तरावं लागतं. भरायला बसलात की दिसेल, की पहिल्या तीन-चार नावांना काही ना काही मिळतं आणि खालच्या नावांच्या पुढे फक्त दुसरा रकाना भरतो. तुमचं अर्धं संशोधन त्या खालच्या नावांत आहे.

यादी करताना ‘पर्यावरण’, ‘समाज’, ‘ग्राहकवर्ग’ असले शब्द लिहू नका. त्यांना हात नसतात. माणूस लिहा, त्याचं काम लिहा, तो दिवसाच्या कुठल्या वेळी तुमच्या वस्तूपाशी येतो ते लिहा.

दुसरी पायरी: जाऊन बघा, मग विचारा

हीच सगळ्यात जास्त वेळ द्यायची पायरी आहे, आणि हीच सगळ्यात जास्त टाळली जाते. गूगल फॉर्म पाठवला म्हणजे संशोधन झालं असं समजू नका. फॉर्म भरणारी माणसं तुमची गिऱ्हाइकं असतात, तीही खूश असलेली.

आपल्याकडे समोरच्याचं मन मोडायचं नाही म्हणून माणसं गोड बोलतात. ‘आमचं पार्सल कसं वाटतं?’ असं विचारलंत तर उत्तर येणार, ‘छान असतं की.’ ‘कागदी डबा दिला तर घ्याल का?’ असं विचारलंत तर, ‘हो, का नाही?’ दोन्ही उत्तरं कामाची नाहीत. मत विचारू नका आणि भविष्यही विचारू नका. शेवटचा प्रसंग विचारा: ‘काल रात्री पार्सल उघडलंत तेव्हा आधी काय केलंत?’ ‘गाठ सुटली का? मग?’ ‘उरलेल्या आमटीचं काय केलंत?’ आणि शक्य असेल तर उघडताना समोर असा.

समोर असलात की काय दिसेल? समजा असं दिसलं: एकटा राहणारा मुलगा. गाठ सुटत नाही म्हणून तो सुरीने पिशवीचा कोपरा कापतो, थोडी आमटी ओट्यावर सांडते. तो वाटीत हवी तेवढी ओतून घेतो. पिशवीत थोडी उरते. ती फ्रिजमध्ये ठेवावी तर उभी राहत नाही, कारण कोपरा कापलेला. मग पिशवी आमटीसकट कचऱ्याच्या डब्यात जाते. मुलाखतीत हे कोणी सांगणार नाही. ते त्याला सांगण्यासारखं वाटतच नाही.

आता कचरा नेणाऱ्या ताईंकडे. त्यांच्याशी कामाच्या वेळात बोलू नका. सकाळी एकेक फ्लॅट उरकताना तुमच्या प्रश्नांना थांबणं म्हणजे त्यांचा धंदा बुडणं. त्यांची वेळ विचारा, त्या म्हणतील तिथे जा आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. तज्ज्ञ सल्लागाराला देताना आपण घासाघीस करत नाही, मग इथे चहावर का भागवायचं? फोटो काढण्याआधी, आवाज टिपण्याआधी परवानगी घ्या, आणि फोटो कुठे वापरणार तेही सांगा. वैयक्तिक माहितीसाठी २०२३चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी हे करायला हवं होतं.

त्यांच्याकडून कळेल ते साधारण असं: पुठ्ठा, बाटल्या, धातू, स्वच्छ कागद याला भाव मिळतो आणि तोच त्यांच्या कमाईचा भाग असतो. आमटीने माखलेल्या पातळ पिशवीला काही मिळत नाही. उलट ती शेजारचा पुठ्ठाही भिजवते. म्हणजे तुमच्या पिशवीने दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीच्या पुठ्ठ्याचा भाव मारला. हे कुठल्याही बाजार-अहवालात सापडणार नाही.

ज्यांना आपण ‘लाभार्थी’ म्हणतो त्यांना स्वतःच्या प्रश्नातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं, याचं म्हसवडइतकं नेमकं उदाहरण क्वचित मिळेल. सातारा जिल्ह्यात माणदेशी महिला बँक काढताना चेतना गाला सिन्हा यांचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. त्या बायका पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला कुठलीही रक्कम द्या, व्याज काढून दाखवतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. १९९७मध्ये बँक सुरू झाली. पुढे बाजारात बसणाऱ्या बायकांना दुकान सोडून बँकेत यायला जमत नाही म्हणून बँकच त्यांच्या दारात जाऊ लागली.

तिसरी पायरी: प्रश्न पुन्हा लिहा

सगळ्या नोंदी भिंतीवर लावा. दोन रंग ठेवा: एक डोळ्यांनी पाहिलेल्यासाठी, दुसरा तुम्हाला वाटलेल्यासाठी. ‘कोपरा कापला’ हे पाहिलेलं. ‘त्याला पर्यावरणाची पर्वा नाही’ हे तुमचं वाटणं. दुसऱ्या रंगाच्या चिठ्ठ्या जास्त झाल्या तर परत दुसऱ्या पायरीवर जा.

मग प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘आपल्याला इको-फ्रेंडली पॅकिंग हवं’ हा प्रश्न नव्हे, प्रश्नाचा वेष घेतलेलं उत्तर आहे. वरच्या नोंदींतून निघणारा प्रश्न असा: ‘एकट्याने जेवणाऱ्याला वाटीभर आमटी पुरते, आपण दीड वाटी देतो; उरलेली पिशवीतच राहते आणि त्यामुळे ती पिशवी पुढच्या प्रत्येक हाताला त्रास देते.’ बघा, पॅकिंगच्या आधी आता आमटीचं माप आलं. हा बदल कागदी डब्यांचा घाऊक दर विचारत बसलात तर कधीच सुचला नसता. इथे खर्चही वाढत नाही, घटतो.

वाक्य बरोबर आलं का याची माझी कसोटी: त्यात यादीतली किमान दोन माणसं असली पाहिजेत, आणि त्यातली एक गिऱ्हाईक नसावी.

चौथी पायरी: कल्पना

यावर फार बोलण्यासारखं नाही. सगळ्यांनी आधी गप्प बसून लिहायचं, मग वाचायचं. मालकाने सगळ्यात शेवटी वाचायचं, कारण मालक आधी बोलला की बाकीचे ‘बरोबर आहे साहेब’ म्हणून मोकळे होतात. पिशव्या भरणाऱ्या मुलाला खोलीत बसवा; तो रोज कितीतरी गाठी मारतो आणि तुम्ही एकही नाही. त्याला लिहायला आवडत नसेल तर तो सांगेल, दुसऱ्याने लिहावं.

पाचवी पायरी: कच्चा नमुना

नमुना इतका स्वस्त करा की फेकून देताना जीव तुटू नये. ‘स्वच्छ’च्या सदस्यांनी पॅडसाठी जुन्या वर्तमानपत्राची, बांधायला दोरी असलेली पिशवी बनवली. यंत्र नाही, साचा नाही. आत काय आहे ते कळतं, हात लागत नाही, आणि बनवणाऱ्याला चार पैसे मिळतात. यादीतल्या तिघांचा प्रश्न एका कागदी पिशवीने थोडाथोडा सुटतो.

खाणावळीचे दोन नमुने होऊ शकतात. पहिला: ऑर्डर घेताना ‘एकट्यासाठी की दोघांसाठी?’ एवढंच विचारायचं आणि माप बदलायचं. खर्च शून्य. दुसरा: अनामत घेऊन स्टीलचा डबा द्यायचा, दुसऱ्या दिवशी रिकामा परत घ्यायचा. हे काही नवीन नाही. मुंबईचे डबेवाले १८९०पासून रिकामा डबा त्याच दिवशी घरी पोचवत आलेत, आणि कोणाचा डबा कुठे जायचा हे झाकणावरच्या खुणांवरून ओळखतात. तुमच्याकडे ती व्यवस्था नाही, म्हणून जवळच्या दहा घरांपुरतं करून बघा.

आणि इथे थांबून हातांची यादी परत काढा. परतीच्या डब्याबरोबर एक नवा हात आला: डबे घासणारा. खाणावळीत भांडी घासणाऱ्या ताईंच्या पुढ्यात रोज दहा तेलकट डबे जास्त येणार. त्यांचा पगार वाढला का? पाणी पुरतं का? कचऱ्यातला त्रास उचलून मोरीत आणून ठेवला तर त्याला नवकल्पना म्हणता येणार नाही, त्रास फक्त जागा बदलून बसला. माझ्या मते संपूर्ण पद्धतीत हीच तपासणी सर्वांत मोलाची आहे, आणि पुस्तकी पाच पायऱ्यांत ती कुठेच स्पष्ट लिहिलेली नसते. प्रत्येक नमुन्यानंतर यादी नव्याने काढायची. जुनी खोडून नव्हे, शेजारी.

सहावी पायरी: तपासणी

तपासणीच्या आधी लिहून ठेवा: काय झालं तर हे फसलं असं समजायचं? ‘दोन आठवड्यांत दहापैकी सहापेक्षा कमी डबे वेळेवर परत आले तर थांबायचं’, ‘ताईंचं काम अर्ध्या तासापेक्षा जास्त वाढलं तर थांबायचं.’ आकडा आधी लिहिला नाही तर नंतर आपण आपल्यालाच समजावतो.

तपासणी नीट करूनही अंदाज चुकतो, हे गोदरेजच्या ‘छोटूकूल’वरून शिकावं. ज्या घरांत फ्रिज नाही त्यांच्यासाठी विक्रोळीच्या कंपनीने हा छोटा शीतक काढला. क्षमता ४३ लिटर, कॉम्प्रेसरऐवजी थर्मोइलेक्ट्रिक चिप, १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारा. झाकण वरून उघडणारं, कारण थंड हवा खाली राहते आणि उघडलं तरी पटकन निघून जात नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात २००८मध्ये गावातल्या शेकडो बायकांना बोलावून नमुने दाखवले, त्यांची मतं घेतली, रंगसुद्धा विचारला. किंमत सव्वातीन हजारांच्या आसपास. संशोधन म्हणून यात बोट ठेवायला जागा कमी आहे. तरी ज्यांच्यासाठी बनवला त्या घरांनी अपेक्षेइतका घेतला नाही. पुढे छोटे दुकानदार आणि गाडीत, शहरात वापरणारे गिऱ्हाईक मिळाले. वस्तू आवडणं आणि त्या महिन्यात तिच्यासाठी पैसे बाजूला निघणं यांत अंतर असतं. म्हणून तपासणीत मत घेऊ नका, व्यवहार घ्या. डब्याची अनामत खरोखर घ्या, शंभर रुपये का असेना.

सातवी पायरी: वाढवण्याआधी

दहा घरांत जमलं की शंभर घरांची घाई होते. इथे दक्षिण आफ्रिकेतल्या ‘प्लेपंप’ची गोष्ट आठवावी. मुलांनी चक्रावर खेळायचं, त्या फिरण्याने जमिनीतलं पाणी टाकीत चढायचं, टाकीवर जाहिराती लावून देखभालीचा खर्च काढायचा. ऐकायला इतकं सुंदर, की २००६मध्ये अमेरिकेत १ कोटी ६४ लाख डॉलरची मदत जाहीर झाली आणि २०१०पर्यंत ४,००० पंप बसवायचं ठरलं. मुलं नेहमीच कशी खेळतील? शाळा असते, ऊन असतं, कंटाळा येतो. मग ते जड चक्र बायका फिरवू लागल्या. आधीच्या हातपंपापेक्षा ते त्रासाचं, आणि चारचौघांत गोल फिरायची लाज वेगळी. ब्रिटनच्या ‘गार्डियन’ दैनिकाने २००९मध्ये हिशेब मांडला, की जितक्या माणसांना पाणी मिळेल असं जाहीर केलं होतं तितक्यांची रोजची गरज भागवायला मुलांना दिवसाचे सत्तावीस तास खेळावं लागेल. पंप नेहमीच्या हातपंपाच्या कितीतरी पट महाग होता आणि मोडल्यावर गावात दुरुस्त होत नव्हता. २०१०मध्ये या पंपांसाठी पैसे उभारणारी अमेरिकेतली संस्था थांबली.

नमुन्यात चूक नव्हती, पंप चालत होता. फक्त मुलं गेल्यावर चक्र कोण फिरवणार, हे त्या बाईला विचारायचं राहिलं. म्हणून वाढवण्याआधी तीन गोष्टी लेखी हव्यात. मोडलं तर कोण, किती दिवसांत, कोणाच्या पैशाने दुरुस्त करणार. दहापट झाल्यावर यादीतल्या कोणत्या हातावर सर्वांत जास्त भार येणार. आणि तुम्ही उद्या धंदा बंद केलात तर लोकांकडे काय उरणार. तिसऱ्याचं उत्तर खाणावळीच्या बाबतीत सोपं आहे: स्टीलचा डबा. ॲप काढलंत तर तितकं सोपं नाही.

शिकायचं कुठे, किती दिवसांत

एक छोटा प्रश्न घेऊन सहा आठवडे पुरतात: पहिले तीन यादी आणि भेटींना, चौथा प्रश्न लिहायला, उरलेले दोन नमुने आणि तपासणीला. सुरुवातीला प्रमाण उलटं वाटेल, वाटू द्या. एकट्याने करू नका. तुमच्या धंद्यातला नसलेला एक मित्र सोबत ठेवा, तो तुम्हाला न दिसणाऱ्या गोष्टी विचारतो.

अभ्यासासाठी महागडं प्रमाणपत्र लागत नाही. मुंबईच्या आयआयटीतलं आयडीसी हे १९६९पासूनचं डिझाइनचं केंद्र. त्यांच्या ‘डीसोर्स’ या संकेतस्थळावर डिझाइनचे धडे, कारागिरी आणि प्रत्यक्ष प्रकल्पांच्या नोंदी मोफत बघता येतात. ‘स्वयम्’ आणि ‘एनपीटेल’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर या विषयाचे अभ्यासक्रम असतात, शिकणं फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क. व्याख्यानं इंग्रजीत असली तरी मुलाखती मराठीतच घ्या आणि नोंदी माणूस बोलला त्याच शब्दांत लिहा. ‘पिशवी चिकट असती’ याचं ‘पॅकेजिंगविषयी असमाधान’ करून लिहिलंत की चिकटपणा गेला, आणि कामाचा तोच होता.

मोठ्या कंपनीला माल पुरवत असाल तर या नोंदी जपून ठेवा. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमांनुसार बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३पासून जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो, आणि तिथले प्रश्न हळूहळू पुरवठादारांपर्यंत झिरपतात. ‘तुमच्या मालाचा शेवट कुठे होतो?’ असं विचारलं गेलं, तर हातांची यादी, भेटींच्या तारखा आणि फसलेल्या नमुन्यांची वही हे ब्रोशरपेक्षा वजनदार उत्तर ठरतं.

या आठवड्यात एवढंच करा: तुमच्या एका वस्तूची यादी काढा, आणि तिच्यातल्या सर्वांत खालच्या माणसाला त्याची मोकळी वेळ विचारा.